जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांचा अधिकार किती? पालघरच्या उदाहरणातून समजून घ्या शाळा व्यवस्थापन समिती

मुलांना गणवेश मिळतो, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. मग पालकांचं काम संपलं का? अनेक घरांत असंच धरून चालतात. शाळेने बोलावलं तर जायचं आणि सही मागितली तर करायची, एवढाच शाळेशी संबंध उरतो.

कायदा वेगळं सांगतो. शाळेची समिती १६ जणांची असेल, तर त्यातले किमान १२ जण पालक असायला हवेत. अध्यक्षही पालकांमधूनच निवडला जातो. म्हणजे मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरची, जेमतेम सही करता येणारी आईसुद्धा या समितीची अध्यक्ष होऊ शकते. तिच्या समितीचे सचिव असतात शाळेचे मुख्याध्यापक.

मग प्रत्यक्षात अडतं कुठे? पालघर जिल्ह्यात याचं उत्तर बऱ्याचदा तीन गोष्टींत सापडतं: सभेची वेळ, सभेची भाषा आणि घरापासून शाळेपर्यंतचं अंतर. त्यामुळे नियम समजून घेताना इथल्या पालकांचं वर्ष कसं जातं, तेही पाहावं लागतं.

आधी हे पाहा: तुमची शाळा कोणाची आहे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्यातला ३६ वा जिल्हा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा असे त्याचे आठ तालुके. गावपाड्यांवरच्या बहुतेक प्राथमिक शाळा पालघर जिल्हा परिषदेच्या आहेत.

शासकीय आश्रमशाळांचा कारभार आदिवासी विकास विभागाकडे असतो. त्यासाठी जिल्ह्यात डहाणू आणि जव्हार इथे प्रकल्प कार्यालयं आहेत. आश्रमशाळेची तक्रार पंचायत समितीत नेली, तर ती पुढे सरकायला उशीर लागू शकतो. म्हणून कुठलाही अर्ज लिहिण्याआधी शाळा कोणाच्या अखत्यारीत आहे, हे विचारून घ्या.

खासगी अनुदानित शाळेतही ही समिती असते, पण तिथे तिचं काम सल्ला देण्यापुरतं असतं. खासगी विनाअनुदानित शाळांना ती बंधनकारक नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. या लेखात आपण प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल बोलत आहोत.

समितीत कोण कोण असतं?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, म्हणजेच आरटीई कायदा, २००९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. महाराष्ट्रात तिची रचना साधारण अशी आहे:

• एकूण सदस्य १२ ते १६.
• त्यात किमान ७५ टक्के पालक. त्यांची निवड पालक सभेतून होते.
• उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्य, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ.
• एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला.
• दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना शाळेतल्या त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा.
• अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधून. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव.
• दर दोन वर्षांनी नव्याने रचना.

पाचवा मुद्दा पालघरसाठी महत्त्वाचा आहे. इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी असे अनेक समाज एकाच शाळेत मुलं पाठवतात. कातकरी समाज हा केंद्र सरकारच्या यादीतल्या महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे. गावाच्या टोकाला पाचसहा कातकरी घरं असतील आणि समितीत त्यांचं कोणीच नसेल, तर त्या मुलांच्या गैरहजेरीचा विषय बैठकीत निघणारच नाही.

समिती काय करू शकते?

समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. बैठकीत काय ठरलं, याची नोंद इतिवृत्तात करावी लागते आणि ती नोंद लोकांना पाहता यायला हवी. शाळेत याच वहीला प्रोसिडिंग म्हणतात. समितीची मुख्य कामं अशी:

• शाळेच्या कामकाजावर देखरेख. शिक्षक वेळेवर आणि नियमित येतात का, हेही त्यात आलं.
• परिसरातल्या प्रत्येक मुलाचं नाव दाखल होतंय आणि ते शाळेत टिकतंय, याकडे लक्ष.
• शालेय पोषण आहारावर देखरेख.
• सरकारकडून किंवा जिल्हा परिषदेकडून आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणं आणि जमाखर्चाचा वार्षिक हिशेब तयार करणं.
• शाळा विकास आराखडा बनवणं.
• दिव्यांग मुलांची नोंद आणि त्यांच्या सोयींकडे लक्ष.

यातला शाळा विकास आराखडा अनेक पालकांना माहीतच नसतो. पुढच्या तीन वर्षांत किती मुलं असतील, किती शिक्षक लागतील, वर्गखोली, स्वच्छतागृह, पाणी यांपैकी काय कमी आहे, हे त्यात लिहायचं असतं. कलम २२ प्रमाणे हाच आराखडा सरकारच्या पुढच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार ठरतो. गळकं छप्पर आराखड्यात आलं नसेल, तर "आम्ही तोंडी सांगितलं होतं" याला कागदावर काही किंमत राहत नाही.

अनुदानाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरतं. लहान शाळेला ते काही हजारांत मिळतं, मोठ्या शाळेला लाखापर्यंत. रक्कम किती आली आणि कशावर खर्च झाली, हे विचारण्यात कोणावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. समितीला हे काम कायद्यानेच दिलं आहे.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचं प्रमाण ठरलेलं आहे. मुलांना वाढण्याआधी जेवण मोठ्यांनी चाखून पाहायचं असतं. त्यात शिक्षकांबरोबर पालकही असू शकतात.

समितीत नसलेल्या पालकांचं काय?

त्यांचाही हक्क आहे. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणं, मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती याबद्दल पालकांना सांगणं, हे त्यातलंच एक कर्तव्य आहे.

म्हणजे "माझ्या मुलीला वाचता येतं का?" हा प्रश्न कोणताही पालक विचारू शकतो आणि त्याचं उत्तर मिळायला हवं. प्रगतीपुस्तकातल्या श्रेणीवरून समजत नसेल, तर मुलीला समोर बसवून एक परिच्छेद वाचून दाखवायला सांगा. पालक स्वतः शिकलेले नसले, तरी मूल अडखळतंय की नाही हे कानाला कळतं.

पालक सभेला का येत नाहीत?

"पालकांना मुलांच्या शिक्षणाची पर्वाच नाही," असं सहज म्हटलं जातं. तसं म्हणण्याआधी या जिल्ह्याचं वर्ष समोर ठेवून पाहा.

वीटभट्टीचं वर्ष. वैतरणा नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि वाटेत मोखाडा, विक्रमगड, वाडा असे तालुके घेत अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. वरच्या अंगाच्या तालुक्यांतली अनेक कुटुंबंही कामासाठी खालच्या अंगाला उतरतात. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड हलतं. बयाणा आधीच घेतलेला असतो. घरी परतायला पावसाळ्याचं तोंड उजाडतं. डिसेंबर ते मे या काळात ठेवलेली पालक सभा या घरांसाठी नसल्यातच जमा.

भातशेतीचं वर्ष. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. वर्षाची पहिली सभा जुलैत ठेवली, तर ती नेमकी लावणीत येते. त्या दिवसांत सकाळी शेतात उतरलेली बाई अंधार पडल्यावरच घरी येते.

दर्याचं वर्ष. सातपाटी, मुरबे, दांडी या किनाऱ्यावरच्या गावांत गणित उलटं आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे बोटीवर जाणारे वडील घरी असतात. जुलैतली सभा विक्रमगडला चुकीची, तर सातपाटीला अगदी सोयीची.

पाळ्यांचं वर्ष. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी ११ वाजता झोपलेला असतो. कंत्राटी कामगाराचा दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी जाते. पहाटेच्या लोकलने विरार-मुंबईकडे जाणाऱ्यांचंही तसंच.

अंतर. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या मध्ये, नदीच्या पात्रात वाढीव बेट आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रेल्वेपुलावरून चालत किंवा होडीने ये-जा केली आहे. अशा ठिकाणी सभेला येणं म्हणजे किती खटाटोप, हे बाहेरून कळत नाही.

पूर्ण जिल्ह्यासाठी एकच तारीख ठरवून सभा भरणार नाही, ती यामुळेच. तारीख आणि वेळ शाळेने पालकांना विचारून ठरवली, तर बऱ्याच गोष्टी सुटतात. पाड्यावर संध्याकाळी ७ वाजता, बाजाराच्या दिवशी किंवा साप्ताहिक सुट्टीला सभा घेण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही.

नोटीस मराठीत, घरची भाषा वेगळी

पाड्यावर घरी वारली किंवा कातकरी बोलली जाते. बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुलं जवळच्या शाळेत जातात. शाळेची नोटीस मात्र "सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की" अशा कार्यालयीन मराठीत निघते. ती वारली आईलाही परकी आणि बिहारी बापालाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या शाळांना संघराज्य सरकार जो निधी देतं, त्याची एक अट अशी आहे की पालकांना द्यायची माहिती शक्यतो त्यांना समजेल अशा भाषेत द्यावी. आपल्याकडे सोपा उपाय हाताशी आहे. समितीतल्या एका पालकाने सभेतला निर्णय पाड्यावर घरच्या बोलीत सांगायचा. बोईसरमध्ये तोच निरोप हिंदीत द्यायचा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना, मग सभा कशाला?

ग्रुपचा उपयोग आहेच. सुट्टीची सूचना, परीक्षेची तारीख, कागदपत्रांची यादी झटकन पोहोचते. पण तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, घरातला एकच फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष आईचं असतं. दुसरी, जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे ठराव नव्हे. अनुदानाचा खर्च, आराखडा, समितीची निवड हे विषय सभेतच व्हायला हवेत आणि इतिवृत्तात यायला हवेत.

इतिवृत्तावर सही किंवा अंगठा देण्याआधी ते वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या पानावर सही करू नका. नंतर त्या पानावर काय लिहिलं गेलं, याला तुमची संमती होती असंच धरलं जातं.

स्थलांतर करायचं असेल तर?

इथे माहिती नसण्याची किंमत मूल मोजतं. भट्टीवर गेलेलं मूल सहा महिने शाळेबाहेर राहिलं, की जूनमध्ये परत आल्यावर ते वर्गाच्या मागे पडलेलं असतं. असं दोनतीन वर्षं झालं, की त्याचं नाव फक्त हजेरीपटावर उरतं. म्हणून निघण्याआधी या गोष्टी करून घ्या:

• मुख्याध्यापकांना किती दिवसांसाठी आणि कुठल्या गावी जात आहात, ते सांगा.
• शिक्षण हमी पत्रक मागा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात ही सोय आहे. मूल कुठल्या इयत्तेत आहे आणि काय शिकलं आहे, याची नोंद त्यात असते. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवून मुलाला वर्गात बसवता येतं.
• शाळा सोडल्याचा दाखला हवा असेल, तर तो मुख्याध्यापकांनी तात्काळ द्यायचा असतो, असं कलम ५ सांगतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही, हेही प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही.
• घरी आजी-आजोबा असतील आणि मूल मागे राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे समितीत विचारा. आई-वडील कामावर गेले तरी मूल गावच्या शाळेत टिकावं, यासाठीच ही योजना आहे. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ती वापरली गेली आहे.

भट्टीवरच शाळा नेण्याचा प्रयोगही याच भागात झाला. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वसई परिसरातल्या भट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालवल्या. कुटुंब शाळेपर्यंत येऊ शकत नाही, तर शाळेने तिथवर जावं, हा त्यामागचा विचार.

तो विचार या जिल्ह्याला त्याहूनही जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, असं दिसल्यावर बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरू लागली. त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे मुलं जिथे गुरं चारतात तिथेच शाळा. आज देशभर वापरला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून पुढे आला.

पट कमी झाला तर शाळा बंद होईल का?

ही भीती अनेक पाड्यांवर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याबाबत प्रस्ताव मागवले होते. त्यावर राज्यभर विरोध झाला. आरटीईच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी.

अशा वेळी समितीचं इतिवृत्त उपयोगी पडतं. दुसऱ्या शाळेच्या वाटेत ओढा आहे, पावसाळ्यात रस्ता बंद होतो, स्थलांतर केलेली अमुक मुलं जूनमध्ये परत येणार आहेत, हे वेळच्या वेळी ठरावात लिहिलेलं असेल, तर बाजू मांडता येते. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथे पेसा कायदा लागू आहे. त्यामुळे हा विषय पाड्याच्या किंवा गावाच्या ग्रामसभेतही नेता येतो. पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळणाऱ्या निधीतून शिक्षणावर खर्च करण्याचीही तरतूद आहे.

तक्रार कुठे करायची?

पायऱ्या अशा आहेत:

१. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती
२. केंद्रप्रमुख
३. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती
४. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पालघर
५. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद

कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कागदपत्रं दाखवली जात नसतील, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारांना हे शुल्क नाही.

तक्रार करताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. पाड्यावरची शाळा अनेकदा दोन शिक्षकांवर चालते. चार-पाच वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, सगळं त्याच दोघांकडे. शिक्षकांची जागा रिकामी असेल, तर ती भरणं मुख्याध्यापकांच्या हातात नसतं. तिथे पालक आणि शिक्षक यांनी मिळून केलेला ठराव पंचायत समितीत जास्त चालतो.

पुढच्या सभेत हे सहा प्रश्न विचारा

१. समिती कधी नेमली गेली आणि तिची दोन वर्षं कधी संपतात?
२. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवाल का?
३. यंदा किती अनुदान आलं आणि कशावर खर्च झालं?
४. शाळा विकास आराखड्यात काय काय लिहिलं आहे?
५. गेल्या महिन्यात कोणती मुलं सलग गैरहजर होती आणि ती कुठे आहेत?
६. माझं मूल वाचू शकतं का?

वर्षातली एकच सभा गाठता येणार असेल, तर दिवाळीच्या सुट्टीआधीची गाठा. तेव्हा बहुतेक घरं गावात असतात. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, कोणाचं मूल मागे राहणार, कोणाला हमी पत्रक लागणार, हे सगळं त्या दिवशी एका कागदावर येऊ शकतं. तुमच्या शाळेत अशी सभा ठरली नसेल, तर समितीच्या सदस्याला आत्ताच सांगून तारीख लावून घ्या.